कणगीतून गेलेला धूर

माझी आई मला आठवते ती नेहमी थोडी पुसट. डोळे मिटले की आधी धूर दिसतो, मग धुरातून एक हात, हातावर फिरणारी ज्वारीची भाकर, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. लहानपणी मला वाटायचं, आया अशाच असतात. सकाळी झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा आत यायचा आणि त्यात धूर इतका सावकाश वळायचा की मी हातातली भाकर विसरून बघत बसायचो. पट्ट्याच्या अलीकडे मी, पलीकडे आई. ती काहीतरी बोलायची आणि ते पाण्याखालून आल्यासारखं माझ्यापर्यंत यायचं.

वर आढ्याला बियाण्याची कणसं टांगलेली असत. ज्वारी निघाली की त्यातली भरदार कणसं आई स्वतः निवडायची, जुड्या बांधायची आणि बरोबर चुलीच्या वर लटकवायची, ती थेट मृगाच्या पेरणीपर्यंत. काजळीनं ती काळी पडत आणि उलट्या झोपलेल्या वटवाघळांसारखी दिसत. ती तिथंच का टांगतात हे मी कधी विचारलं नाही. घरात जे आपल्या आधीपासून असतं त्याबद्दल कोण विचारतो?

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. माझ्या बापाला सही येत नव्हती, त्याच्या बापालाही नव्हती. अमरावतीला राहून मी बी.ए. झालो. हे मी मिरवून सांगतो, कारण मिरवण्यासारखंच आहे. तालुक्याच्या शाळेत मास्तरकी मिळाली, ती उन्हाळ्यानंतर सुरू व्हायची होती. तोवर गावी राहावं म्हणून दिवाळीनंतर घरी आलो.

दारात उभा राहिलो तेव्हा दिवस चांगला वर आला होता. आई चुलीपुढे बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "कोन हाय?"

मी गंमत म्हणून बोललो नाही.

"कोन हाय जी? घरी मानसं नाईत, वावरात गेले."

माझ्याकडे बघत ती हे म्हणाली. परक्या माणसाला म्हणावं तसं. "माय, मी," म्हणालो तेव्हा ती हसली, "तुह्या मांग ऊन हाय ना, म्हनून." पण ऊन माझ्या मागे नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात तिला बैलगाडीतून कारंज्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं पापण्या उलट्या करून पाहिलं, जवळच्या-लांबच्या वस्तू विचारल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "गेलं ते परत येणार नाही. आहे ते टिकवायचं असेल तर धूर बंद करा. नाहीतर दोन वर्षांत बाईंना भाकर चाचपडत थापावी लागेल."

परतीच्या वाटेवर हे मी तिला सांगितलं. ती गाडीच्या दांडीला टेकून मजेत बसली होती. म्हणाली, "डॉक्टरले सांग, भाकर डोयानं कोनीच थापत नाई."

घरी माझ्या बांनी वेगळा उपाय काढला. "लगन कर. सून आली का तुह्या मायचा धूर सुटते."

"आन् मंग थो धूर सुनेच्या डोयात?"

"सुनेचे डोये नवे असतात."

आई आतून म्हणाली, "माहेबी नवेच व्हते." त्यावर बा तंबाखूची चंची सोडून बसले.

मी ठरवलं, चुलीवर धुराडं बसवायचं. आमच्या गावात ते कोणाकडेच नव्हतं. धूर छपराच्या कवेलूंच्या फटींतून जमेल तसा बाहेर जायचा, न जमेल तो डोळ्यांत राहायचा. मी कारंज्याच्या जिनिंग कारखान्याचं उंच धुराडं पाहिलं होतं. होस्टेलच्या स्वयंपाकघरातली पत्र्याची टोपी आणि नळ पाहिला होता. गरम हवा वर जाते एवढं समजायला बी.ए. लागत नाही, आमच्या म्हशीलाही ते ठाऊक असेल. पण म्हैस धुराडं बसवत नाही, मी बसवणार होतो.

मला पत्र्याचंच हवं होतं. पत्रा म्हणजे शहर. पण महायुद्धाचे दिवस, नवा पत्रा कुठे मिळेना. शेवटी कारंज्यातून एक जुना नळ उचलून आणला, तो गाडीतून उतरवेपर्यंत दारात माणसं जमली. "जिनिंग काढता काय? भोंगा कवा वाजते?" गावचा म्हातारा कुंभार पुढे आला. त्यानं नळाला बोट लावलं, जरा दाबलं, आणि बोट आरपार आत गेलं. बोट तसंच ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला.

"बालिस्टर, हे त पापड हाय."

मला राग आला, पण बोट आत होतं, बोलणार काय?

मग त्यानंच सांगितलं. बिनबुडाचे माठ करून देतो, एकाच्या तोंडात एक बसवू, सांध्याला शेणमाती लिंपू. खाली चुलीवर टोपीसारखा अर्धा रांजण उपडा घालू. "पत्रा गंजते. माती एकदा भाजली का भाजली, तिले धुराचं काय भेव?" मी दोन दिवस विचार केला, खरं म्हणजे रुसून बसलो. तिसऱ्या दिवशी त्याच्या भट्टीवर गेलो आणि हो म्हणालो.

रांजण बसवायची उंची मी ठरवली. चुलीपाशी उभा राहिलो, हनुवटीच्या उंचीवर भिंतीला कोळशानं रेघ मारली आणि त्या रेघेवर रांजणाचा काठ आला. माठांची रांग वर चढत कवेलूंतून बाहेर निघाली. आईनं कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या. धूर उठला, ऐसपैस पसरला, आईच्या तोंडावरून सावकाश फिरला, आणि मग उरलासुरला माझ्या रांजणात शिरला. माझ्या डोळ्यांना मात्र काही झालं नाही. मी उभा होतो.

कुंभारानं विचारलं, "तुमच्या कॉलेजात सैपाक उभ्यानं करतात काय जी?"

आई सरकली आणि पाटावर हात आपटला. "बस अठी."

मी बसलो. तेवीस वर्षांत त्या जागी मी कधी बसलो नव्हतो. तिथून घर वेगळंच होतं. दार दूर, झरोका उंच, आणि समोर चुलीचं लाल तोंड. धूर सरळ अंगावर आला. मी मिनिटभर टिकलो असेन. डोळे चोळत उठलो, जुनी रेघ पुसली आणि आईला बसवून तिच्या कपाळाच्या सुमारास नवी मारली. रांजण खाली आला, दोन्ही बाजूंना मातीच्या छोट्या भिंती उठल्या. त्या संध्याकाळी धूर चुलीतून निघाला आणि कोणी हाक मारावी तसा रांजणात निघून गेला.

त्यानंतरचे दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. स्वयंपाकघराला भिंती होत्या, त्यांना कोपरे होते, एका कोपऱ्यात हळदीच्या हाताचा जुना ठसा होता, हे सगळं मला पहिल्यांदाच दिसत होतं. आईच्या गालावर एक बारीक तीळ आहे हेही. झरोक्यातला उन्हाचा पट्टा आता रिकामाच यायचा आणि जमिनीवर पडून राहायचा. मी तिथे पुस्तक घेऊन बसायचो, पण वाचायचो कमी. भाकरीची थापथाप ऐकत डोळा लागायचा, जागा व्हायचो तेव्हा पट्टा सरकून माझ्या पायांवर आलेला असायचा. गावातली माणसं बघायला येत. मी प्रत्येकाला टोपी, माठ, सांधे समजावून सांगायचो. आई अधूनमधून वर, कणसांकडे बघायची.

तीन-चार आठवड्यांनी एका सकाळी धूर परत आला. दुसऱ्या दिवशीही आला. जुन्या ओळखीच्या माणसासारखा घरभर हिंडला. आईचे डोळे लाल झाले. "साळुंकीनं घरटं केलं असन," असं म्हणून मी कवेलूंवर चढलो आणि वरच्या माठातून लांब बांबू खुपसला. आत काहीतरी मऊ अडकलेलं होतं. दोन-चार धक्क्यांत ते सुटलं आणि खाली रांजणातून चुलीपुढे पडलं. मी उतरून येईपर्यंत बा ते काठीनं पसरून बघत होते. जुन्या लुगड्याचा बोळा होता. काजळीतही त्याचा लाल काठ दिसत होता.

बा म्हणाले, "साळुंकी लुगडं नेसते काय रे?"

मी आईकडे पाहिलं. ती पीठ मळत होती.

"माय, हे तू केलं?"

"हो."

"काहून? दोन वर्सांत डोये जातीन म्हने डॉक्टर! तुले समजत नाई काय?"

ती उठली. आढ्याची एक जुडी काढून तिनं त्यातलं कणीस तळहातावर चोळलं. दाण्यांबरोबर बारीक पीठ गळलं, आणि त्या पिठातून दोन सोंडे चालत निघाले. ती माझ्यापुढे हात धरून उभी राहिली.

"धूर गेला, किडे आले. मृगाले काय पेरशीन? तुह्यं पुस्तक?"

इतक्या वर्षांनी मला कळलं की ती कणसं तिथं का टांगतात. मी तरी अडून राहिलो. म्हणालो, बियाणं कारंज्याच्या बाजारात मिळतं, यंदा विकत आणू.

"दुसऱ्याचं बियानं आपल्या वावराले ओयखत नाई," ती म्हणाली. "डोये माहे हायेत. बियानं घराचं हाय."

"मंग मले सांगाचं त व्हतं!"

"कसं सांगू? साऱ्या गावाले दाखवून राह्यला व्हता. तुह्यं तोंड पाहून जीव झाला नाई." तिनं हात झटकला, सोंडे चुलीत पडले. "बोया कोंबला. वाटलं, तू नोकरीवर गेला का काढून टाकीन."

मी गेल्यावर ती तो काढणार नव्हती, हे बांना माहीत होतं, मलाही होतं.

दोन दिवस चूल पेटली की धूर बाहेर जायचा, आई वर बघायची आणि मी तिच्याकडे. तिसऱ्या दिवशी भाकर भाजता भाजता ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "धूर मले नको, कनसाइले पाह्यजे. मंग थो त्याइलेच देऊन टाक ना."

"म्हंजे?"

"माळ्यावर थांबव त्याले. कनगीत."

कणगी म्हणजे धान्य साठवायची तुराट्यांची उंच टोपली, शेणामातीनं लिंपलेली. मी तिथेच पिठात बोटानं चित्र काढलं. माठांचा नळ माळ्यापर्यंत यावा, तिथे बिनबुडाच्या कणगीत शिरावा, कणगीत कणसं टांगलेली असावीत, आणि कणगीच्या वरून पुन्हा माठ बसवून धूर बाहेर जावा. चित्र मी काढलं, पण त्यातलं माझं काही नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो. कुंभार चित्र बघून म्हणाला, "हे बी.ए.चं डोकं नाई." धुराला ओढ कमी पडेल म्हणून त्यानं वर दोन माठ वाढवले. कणगी बांनी विणली. लग्नाचा विषय त्यांनी त्या दिवसांत काढला नाही. ओल्या तुराट्या वाकवत अंगणात बसायचे आणि मधूनच आईला ओरडून विचारायचे, "तोंड केवढं ठेवू वो?"

कणगीला बाजूनं एक दार ठेवलं होतं. पहिल्या दिवशी चूल चांगली पेटल्यावर आई शिडीनं माळ्यावर चढली, दारातून कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ तशीच राहिली. खाली मी, बा आणि कुंभार वर बघत होतो.

"जादा गरम झालं त कोंब मरते," ती वरून म्हणाली. हात आणखी आत गेला. मग, "हं. एवढीच ऊब पाह्यजे."

किडलेली कणसं वेगळी काढली, चांगली आत टांगली. स्वयंपाकघर पुन्हा लख्ख झालं. तरी मी मनातून भीतच होतो. चार-सहा महिने झाले, डोळ्यांचं काय झालं ते कोणाला ठाऊक? विचारलं की ती म्हणायची, "दिसते ना बाप्पा." दारात मी दिसलो नव्हतो तेव्हाही ती असंच म्हणाली असती.

चैत्रातल्या एका संध्याकाळी मी अंगणात बाजेवर पडलो होतो. दिवस मावळायला बराच वेळ होता. आई तवा ठेवून, हात पुसत बाहेर आली. धुराडं बसवल्यापासून ती ते बाहेरून बघायला कधी आलीच नव्हती, चूल पेटली असली की ती आतच असायची.

"कुठून निंगते थो आता?"

मी बोट दाखवलं. तिनं कपाळावर हात धरला, डोळे बारीक केले. वरच्या माठातून धूर निघत होता, वारा नव्हता, त्यामुळे सरळ उठून कडुलिंबाच्या शेंड्यापाशी जरा रेंगाळत होता. मी त्याच्याकडे बघत नव्हतो, तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती इतका वेळ बोलली नाही की मला वाटलं, संपलं, हिला दिसत नाही, आता ती काहीतरी थट्टा करून आत जाईल.

"निया हाय ना थो?" ती म्हणाली. "का मलेच तसा दिसून राह्यला?"

"निळाच हाय, माय."

"आन् झाडापाशी पांढरा होते."

"हो."

"मले वाटे, आपला धूर कायाच असन."

घरातून बांचा आवाज आला, "अवो, तवा जळून राह्यला!"

"जयू द्या," ती म्हणाली, आणि कपाळावरचा हात न काढता तशीच बघत उभी राहिली.