घरचा कोट, एक लिफाफा

आमच्या लॉण्ड्रीत बाबांनी एक नियम जन्मभर पाळला. धुवायला आलेल्या कपड्याच्या खिशात जे सापडेल, चिठ्ठी असो की चावी, ते टाकायचं नाही. तारखेचा टॅग लावून पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. लोक म्हणायचे, माणूस असावा तर असा. म्हणोत बापडे.

शाळा संपली त्या आठवड्यात ताईने शर्टाच्या घडीत घालतात त्या पुठ्ठ्यावर तीन गोष्टी लिहिल्या. नर्सिंगला जायचं. स्वतःची खोली घ्यायची. धाकटीला, म्हणजे मला, पोहायला शिकवायचं. पुठ्ठा इस्त्रीच्या टेबलासमोर टाचला. फॉर्म भरला, लिफाफा चिकटवला आणि बाबा बाहेर निघाले होते म्हणून टपालात टाकायला त्यांच्याकडे दिला. विसरू नयेत म्हणून शेवटची तारीख वरच लाल शाईने लिहिली.

उत्तर आलंच नाही. बाबा म्हणाले, "मार्क कमी पडले असतील. आपली झेप तेवढी नाही."

ताई रडली नाही, भांडली नाही. त्याच पुठ्ठ्यावर कुणाच्या तरी शर्टाची घडी घालून देऊन टाकली. पुन्हा अर्ज कर म्हणून मी किती मागे लागले! "जाऊ दे गं, माझं डोकं नाही चालत तिकडे," एवढंच म्हणायची. वीस वर्षं ती हेच म्हणत इस्त्री फिरवतेय. औषधाच्या दुकानातसुद्धा मलाच पुढे करते. पोहायला मला अजून येत नाही.

गेल्या मंगळवारी डब्याचा पत्रा गंजून फाटला, म्हणून मी तो रिकामा करायला बसले. तळाशी ताईच्या अक्षरातला लिफाफा! न फोडलेला. त्यावर बाबांच्या हातचा टॅग: 'घरचा कोट', आणि तारीख. लाल शाईतल्या तारखेच्या नऊ दिवस आधीची.

माझं डोकंच फिरलं. लिफाफा त्यांच्यासमोर आपटला. "हे काय आहे?"

बाबा चष्मा पुसत बसले. "आधी विसरलोच होतो. मग कोट धुताना सापडला. सीझन होता, इस्त्रीला माणूस मिळेना. म्हटलं, पुढच्या वर्षी टाकू."

"आणि मार्क कमी पडले म्हणून सांगितलंत ते?"

चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "फेकून तर नाही ना दिला मी!"

वा रे वा! काय तो प्रामाणिकपणा! मला त्या क्षणी त्यांची किळस आली.

ताईने इस्त्री उभी केली. टॅग दोनदा वाचला. मग मला विचारलं, "म्हणजे मला कुणी नाही म्हटलंच नव्हतं?"

"नव्हतं गं, ताई."

तिने टेबलावरचा बाबांचा अर्धा इस्त्री झालेला शर्ट उचलून त्यांच्या मांडीवर टाकला. पदराने हात पुसले. चेहरा इतका उजळला की मला बघवेना.

"ए, त्या अर्जाला वयाची अट असते का गं काही?"

असते. ताईचं ते वय केव्हाच उलटून गेलंय. मला पक्कं माहीत होतं.

"विचारून सांगते," मी म्हणाले.