पावावरची फुली

आज सकाळी नातीनं घरी आयरिश नाश्त्याचा घाट घातला. तव्यावर अंडी, टोमॅटो आणि सोबत ताकातला पाव. आंबट ताकात सोडा पडला, त्याचा वास आला आणि मी थेट इंग्रजांच्या काळातल्या मलकापूरला, कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या इंजिनवाल्या साहेबाच्या बंगल्यात जाऊन उभी राहिले.

तेव्हा मी नवी सून होते. साहेबाची बायको आयर्लंडची. सासूबाई तिच्याकडे दूध घालायच्या. एकाएकी ती आंबट ताक मागायला लागली, आणि सासूबाईंना शंका आली. "गोऱ्या लोकायले आंबट ताक कायले पायजे? चाल, पाहू."

आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबलो. झाकलेल्या तव्यात काय तळत होतं, ते विचारायची हिंमत झाली नाही. मडमेनं आमच्या ताकात पीठ मळलं, गोल थापलं आणि सुरीनं त्यावर चक्क क्रूस कापला. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. गोऱ्यांचा पाव खाल्ला की माणूस बाटतो, असं सगळे म्हणत. आणि इथे तर ताक आमच्याच घरचं!

"हे कायले कापलं?" त्यांनी दरडावून विचारलं.

मडम मोडक्या हिंदीत म्हणाली, "इससे भूत बाहर जाता है."

सासूबाई पुढे होऊन त्या पिठावर वाकल्या. मग म्हणाल्या, "मंग एवढ्याशा चिरीतून कसं जाईन, बाई? दे इकडे सुरी."

पाव मात्र त्यांनी मरेपर्यंत तोंडात घातला नाही.

नातीनं सुरी उचलली. "आजी, फुली कापली की पाव आतून नीट भाजतो."

"असंन," मी म्हटलं. "पण जरा खोल काप."