चिलगोज्यांचा खुराक

पंचावन्न-छप्पन सालच्या सुमाराची गोष्ट. मी सिंदेवाहीला प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि अंगानं इतका वाळका, की दोन ठिकाणच्या मुलीवाल्यांनी मला पाहून चहाही पुरता प्याला नव्हता. आईनं हाय खाल्ली. चांद्याच्या बाजारात एक म्हातारे मुसलमान मेवेवाले बसत. तिनं मला त्यांच्यापुढे उभं केलं.

चाचांनी मला खालीवर पाहिलं आणि कागदाच्या पुड्यात काहीतरी बांधलं. "चिलगोजे हायेत. थंड्या पहाडातल्या झाडाचे. यात तेलच तेल. रोज सकाळी मूठभर चाऊन खाजा, मास्तर. बदन भरते."

घरी पुडी उघडली. लांबट, टोकदार, खजुराच्या बारक्या बियांसारखे तपकिरी, चकचकीत दाणे. आमच्याकडे जंगलातली चारोळी फोडून, साफ होऊनच घरात येते. हे दाणेही तसेच साफ केलेले असणार, असं आम्ही धरून चाललो.

मी रोज दुधाबरोबर मूठभर चावू लागलो. चव लाकडाची, मधूनच काहीतरी गोडसर लागायचं, तेवढ्यात पुन्हा लाकूड. पोट दगडासारखं व्हायचं. पण औषध ते औषध! चावून चावून जबडे सुजले, तर आई हरखली. "पाहा, गाल भरून राह्यले!"

महिन्याभरानं मूल गावाहून एका मुलीचे वडील आणि त्यांची थोरली बहीण आमचं घर पाहायला आले. आईनं पोह्यांशेजारी कौतुकानं चिलगोज्यांची ताटली ठेवली. वडिलांनी चार-पाच दाणे तोंडात टाकले. कट्‌कन आवाज झाला. त्यांनी गालाला हात लावला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "चांगले हायेत. जरा कडक हायेत." त्यांची एक हलती दाढ जागेवरून गेली होती, पण पाहुणा माणूस बोलणार काय? त्यांना संकोच नको म्हणून मी मूठभर तोंडात घालून कडाकडा चावू लागलो.

आत्याबाईंनी मात्र भोपळ्याची बी फोडावी तसा एक दाणा पुढच्या दातांत धरून फोडला. आतून पांढराशुभ्र, लोण्यासारखा मऊ गर निघाला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"बाबू, तू टरफलासकट खाऊन राह्यला का?"

"हो."

"कवापासून?"

"महिना झाला."

त्यांनी पदर तोंडात कोंबला, तरी हसू आवरेना. मग भावाला म्हणाल्या, "भाऊ, पोरगी देऊन टाक. जो महिनाभर लाकूड खाऊन हूं का चूं करत नाई, तो आपल्या पोरीच्या हातचं कसंई खाईल!"

मग आम्ही सगळेच सोलायला बसलो. गर जिभेवर ठेवला की विरघळायचा. ओल्या लाकडाच्या डिंकासारखा मंद वास आणि मागून दुधाची गोडी. पुड्याचा कागद तेलानं आरपार झाला होता. मोजके दाणे खाल्ले तरी पोट भरल्यासारखं वाटे; चाचा काही खोटं बोलले नव्हते. सोलता सोलता वैशाखातली तिथी ठरली.

आईनं टरफलं गोळा करून चुलीत टाकली. ती भडकन पेटली. आईनं आधी जाळाकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि गुपचूप माझ्यापुढे ताकाचा गडवा आणून ठेवला.