चड्ड्या पुरणारी बाई

भावजय नणंदेचं कौतुक करू लागली, की समजावं, एक तर भावजय खोटं बोलतेय, नाहीतर नणंद वारलीय. माझी नणंद लव्हॉन धडधाकट आहे आणि मी खोटं बोलत नाही. तेव्हा ही तिसरीच गत समजा.

आमच्या मिनेसोटाच्या या टेकड्यांत मुळात कौतुकाची चालच नाही. पोराच्या वासराला जत्रेत पहिलं बक्षीस मिळालं तरी बाप म्हणणार, "वाईट नाही." बस्स. त्याहून जास्त बोललं की आमच्या नॉर्वेजियन पूर्वजांना थडग्यात उचक्या लागतात. मी माहेरची आयरिश, त्यामुळे मला तोंड आहे आणि मी ते वापरते.

लव्हॉन सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवते, मधल्या वेळात नवऱ्याबरोबर गाईंचं बघते आणि काउंटीच्या माती-पाणी मंडळाची निवडून आलेली सभासद आहे. हे पद मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी असतं. गव्हर्नरपासून शेरीफपर्यंत सगळे संपले, की मग हे. पहिल्या खेपेला तर कोणी अर्जच भरला नव्हता. अशा वेळी मतपत्रिकेवर एक रिकामी ओळ असते आणि लोक गंमत म्हणून तिथे आपल्या कुत्र्याचं नाव लिहितात. त्या वर्षी लव्हॉनने गावसभेत उठून सगळ्यांची खरडपट्टी काढली होती, की रस्त्याकडेच्या चरातून वाहतंय ते पाणी नाही, तुमची शेतं आहेत. मग माझ्या कॅफेत बसणाऱ्या टोळक्याने ठरवलं, हिला एवढी हौस आहे ना, लिहा हिचंच नाव. अशी ती दोन-तीन कुत्र्यांना हरवून निवडून आली.

थट्टा थट्टेच्या जागी राहिली, ती मात्र कामाला लागली. आधी स्वतःच्या उतारावर आडवे पट्टे पाडले, एकाआड एक गवत आणि मका. "जे मी केलं नाही ते दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू?" म्हणायची. मग घरोघरी स्वयंपाकघरात बसून, कपामागून कप कॉफी पिऊन, एकेकाला वळवलं. मंडळाकडून एक मोठं पेरणीयंत्र घेववलं. न नांगरता, कापलेल्या मक्याच्या खुंटांतूनच ते राय हे गव्हासारखं धान्य पेरतं, आणि हिवाळाभर ते हिरवं पांघरूण माती धरून ठेवतं. एकट्याला परवडण्याजोगं ते यंत्र नाही. मंडळाचं आहे म्हणून शरद ऋतूत या शेतावरून त्या शेतावर फिरतं.

आता चड्ड्यांचं. जमीन जिवंत आहे का हे बघायची आमच्याकडे साधी रीत आहे. पांढरी, निव्वळ सुती चड्डी शेतात पुरायची आणि दोनेक महिन्यांनी उकरायची. माती जितीजागती असेल तर किडे-मुंग्या कापड खाऊन टाकतात, हातात नुसतं इलॅस्टिक येतं. मेलेली असेल तर चड्डी धुऊन पुन्हा घाला. लव्हॉन दरवर्षी जत्रेत अशा उकरलेल्या चड्ड्या शेतकऱ्यांच्या नावानिशी दोरीवर टांगते. चर्चमधल्या बायका तिथून मान खाली घालून जातात आणि दुसऱ्या फेरीला नवऱ्यांची नावं वाचतात.

चार निवडणुका तिच्यासमोर कोणी उभं राहिलं नाही. पाचव्या वेळी व्हर्लिन शेर्व्हनने अर्ज भरला. व्हर्लिन लव्हॉनच्याच वर्गातला, तिच्या बांधाला बांध लागलेला. आपली टेकडी तो वरून खाली सरळ नांगरतो, कारण त्याचा बाप तशी नांगरायचा. कॅफेत येऊन त्याने जाहीर केलं, "निवडून आलो की पहिलं ते यंत्र विकणार. आपल्या पैशावर चड्ड्या पुरणारी बाई पोसायची आणि तिनं आपल्याला शेती शिकवायची!"

टोळकं हसलं. मला वाईट वाटलं ते याचं, की त्यातले निम्मे तेच यंत्र वापरणारे होते.

लव्हॉन कोपऱ्यात ॲपल-पाय खात होती. ती शांतपणे म्हणाली, "व्हर्लिन, तुझीही पुरूया की एक. तुझ्याच शेतात."

"पूर! पण जागा मी दाखवणार."

"दाखव. चड्डी मात्र नवी आण हं. जुनीतले किडे धरायचे नाहीत."

आता हसू व्हर्लिनवर फिरलं. त्याने जागा दाखवली ती टेकडीच्या पायथ्याशी, ओढ्याजवळ. त्याच्या शेतातली सगळ्यात काळीभोर जमीन. मी लव्हॉनला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, हा लबाडी करतोय. वर पुरायला सांग." ती म्हणाली, "शब्द दिलाय. जागा त्याची."

जत्रेच्या आदल्या आठवड्यात सगळं गाव पिकअप घेऊन जमलं. आधी लव्हॉनच्या उतारावरची उकरली. इलॅस्टिक आणि चार धागे. मग आम्ही डोक्यावर गेलेल्या मक्यातून व्हर्लिनच्या पायथ्याशी गेलो. तिथली चड्डी निघाली ती नुसतं इलॅस्टिक. एक धागा नाही!

व्हर्लिनने ते इलॅस्टिक डोक्यावरून फिरवलं. "बघा! जन्मभर नांगरतोय मी. कोणाची जमीन मेली म्हणत होती ही?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, गेली हिची खुर्ची, गेलं यंत्र, आणि आडव्या पट्ट्यांवर पुन्हा उभे नांगर फिरणार. लव्हॉनने मात्र खाली बसून ती माती मुठीत घेतली, वास घेतला.

"सुरेख माती आहे, व्हर्लिन. किती खोल आहे बघू तरी." तिने फावडं घेतलं आणि खणत राहिली. काळी माती संपेचना. ढोपरभर गेल्यावर फावडं खणकन वाजलं.

दगड नव्हता. काटेरी तार होती, गंजलेली पण ताणलेली. तारेच्या कडेने तिने हाताने माती सारली, तर एका लाकडी खांबाचं डोकं लागलं. खांब पडलेला नव्हता, जमिनीच्या आत सरळ उभा होता.

व्हर्लिनच्या हातातलं इलॅस्टिक खाली आलं. "हे आमचं कुंपण आहे," तो म्हणाला. "मी खांब धरायचो, बाबा ठोकायचे. मी फौजेत होतो तेव्हा पुरात वाहून गेलं. बाबांनीच सांगितलं."

"कुठंही गेलं नाही ते," लव्हॉन म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "डोंगर वाहून त्याच्यावर आलाय."

व्हर्लिनने वर टेकडीकडे पाहिलं. वरचा मका गुडघ्याएवढा, पिवळ्या चिकणमातीत खुरटलेला. रोज दिसत होता तो त्याला. तो गुडघ्यावर बसला आणि त्याने खांबाच्या डोक्यावर पंजा ठेवला. कोणी हसलं नाही.

माझ्या हातात असतं तर तो खांब उपटून जत्रेत मधोमध टांगला असता, खाली नाव लिहून. लव्हॉन उठली आणि म्हणाली, "चला रे, दूध काढायची वेळ झाली. घरी जा सगळे." त्या वर्षी तिने दोरीवर व्हर्लिनचं इलॅस्टिक टांगलं, पहिल्या नंबरचं, आणि खांबाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या दिवशी मला या बाईचा इतका अभिमान वाटला, की मी घरी जाऊन नवऱ्याला उगाचच ओरडले.

ऑक्टोबरमध्ये, मका काढून झाल्यावर, तिच्या स्वयंपाकघरात फोन वाजला. मी तिथेच होते.

"ते यंत्र मोकळं आहे का?" व्हर्लिन.

"तू तर विकणार होतास."

"विकीन की. आधी माझी टेकडी पेरून होऊ दे."

मतपत्रिका तोवर छापून झाल्या होत्या, त्याचं नाव निघणार नव्हतं. म्हणून मतदानाच्या आधीचा आठवडाभर तो माझ्या कॅफेत प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगायचा, "कागद उलटा करा. तळाशी बघा. मला देऊ नका." इतकी मतं त्या मागच्या बाजूला कधी पडली नव्हती. लव्हॉन दणक्यात निवडून आली. व्हर्लिनला पडलं ते एकच मत, त्याच्या एका भावाचं, ज्याला ऐकू कमी येतं.

वसंतात बर्फ वितळलं आणि ओढे फुगले. मी पत्रपेटीपाशी उभी होते. व्हर्लिन चिखलाच्या बुटांनी रस्त्याच्या मधोमध आला आणि त्याने भरलेली शाळेची बस हात करून थांबवली. लव्हॉनने खिडकी उघडली.

"तो खड्डा मी बुजवला नव्हता," तो म्हणाला. "आत्ता बघून आलो. खांबाचं डोकं अजून दिसतंय. जेवढं होतं तेवढंच. वरून मूठभर माती आली नाही."

आतली पोरं कान टवकारून बसली होती. लव्हॉनने टेकडीकडे पाहिलं. राय घोट्याएवढी हिरवी झाली होती.

"वाईट नाही," ती म्हणाली.

व्हर्लिनने टोपी काढली. आमच्याकडे टोपी काढतात ती चर्चमध्ये आणि मयताला. ती हातात धरून, बस वळणापलीकडे जाईपर्यंत तो रस्त्यात उभा होता.