ओला धूर
मुलांनो, काल तुम्ही धुक्याचा फोटो पाठवलात, म्हणून हे लिहिते. तुमची आई लहान असताना एका गारठ्याच्या सकाळी आम्ही मोडनिंबहून उघड्या जीपने सोलापूरला येत होतो. एकाएकी समोर सगळं पांढरं झालं. "बाई, उसाचं पाचट पेटलंय की! तोंडाला पदर लावा," म्हणत ड्रायव्हरने आगीच्या भीतीने गाडी रस्त्यातच थांबवली. मांडीवरून तुमची आई म्हणाली, "आई, धूर ओला कसा गं?" तिच्या पापण्यांवर थेंब होते. हवेतली वाफ गारठून थेंब झाली होती. आम्ही जमिनीवर उतरलेल्या ढगात उभे होतो, आणि मागून उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी जवळ येत होती. "उतरा, त्याला आपण दिसणार नाही!" मी ओरडले. आम्ही तिघं बांधावर पोचलो तोच पत्रा चेपल्याचा आवाज झाला. आजही धुकं पडलं की मी दाराबाहेर पाऊल टाकत नाही.