बॉनेट उघडून शिकवणाऱ्या रझियाआपा

रझियाआपा गेल्याची बातमी आली तेव्हा मी पेट्रोल भरून पंपावरून निघाले होते. त्यांच्या सुनेचा फोन होता. "टीचर, अम्मी गयी…" एवढंच ती बोलली. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि मग रडले. क्रम उलटा झाला असता तर आपांनी मला माफ केलं नसतं.

मीरा, ओम, आजी गाडी चालवते याचं तुम्हाला कौतुक आहे, पण ती कशी चालवायला लागली हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. काचबिंदूनं आजोबांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं. तुमच्या बाबानं परदेशातून फोनवर निकाल दिला, "गाडी विकून टाका. रिक्षा आहेत की." रिक्षा होत्या, पण आजोबांचा रविवार गाडीत होता. दर रविवारी ते वळसंगला अंथरुणाला खिळलेल्या आपल्या बहिणीकडे जात, तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत. आता ते सकाळी खुंटीवरची किल्ली काढायचे, थोडा वेळ हातात धरायचे आणि परत लावायचे. मला ते बघवेना. साठी उलटलेली मी, विजापूर रस्त्यावरच्या रझियाआपांच्या, बायकांसाठीच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये जाऊन उभी राहिले.

आपांचे वडील, भाऊ सगळे ट्रकवाले. तोंडात पान, नाकावर जाड चष्मा, आणि आवाज असा की समोरच्या टपरीवरची माणसंही सावरून बसत. "पहिला आठवडा स्टिअरिंगला हात नक्को," असं म्हणून त्यांनी जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं. उभी हयात इंग्रजी शिकवण्यात गेलेली मी, घरून शब्दकोश पाहूनच आले होते. रेडिएटर म्हणजे उष्णता बाहेर टाकणारं यंत्र, असं झोकात सांगितलं. "हौ टीचर, मीनिंग बराबर हाय. आता सांगा, ह्ये नसलं तर काय होईल?" मी म्हणाले, गाडी तापेल. "आन् तुम्हाला कुठनं कळेल? काय दिसेल, कसला वास येईल?" शब्द शिकवायची त्यांची हीच रीत होती. वस्तू नसली की काय बिघडतं, ते सांगता आलं म्हणजे अर्थ कळला. ब्रेक ऑइल नसलं तर पेडल थेट खाली जातं. बेअरिंग गेलं तर वेगाबरोबर घरघर वाढते. क्लच प्लेट झिजली तर? "इंजिन नुसतं ओरडतं आन् गाडी जागची हलत न्हाय," आमच्यातली एक म्हणाली, "आमच्या दिरासारखी!" सगळ्यात मोठ्यानं आपाच हसल्या. मला हा अभ्यास फार आवडला. घरी भाजी चिरताना मी आजोबांना एकेक शब्द ऐकवायची आणि ते डोळे मिटून "बरोबर" म्हणायचे.

लायसन्स आलं. मे महिन्यात तुमचा बाबाही आला, आणि आल्या आल्या त्यानं गाडीला गिऱ्हाईक ठरवलं. रविवारी दुपारी माणूस बघायला येणार होता. मी म्हटलं, "सकाळी वळसंगला आत्याकडे जाऊन येऊ. मी चालवते. मग काय ते ठरव." आपांनाही बरोबर घेतलं. आजोबा पुढे माझ्याशेजारी, आणि आपा शेंगांची पुडी घेऊन तुमच्या बाबाशेजारी मागे बसल्या. कुंभारी गाव मागे पडलं आणि समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. पाठोपाठ तापमानाचा काटा चढू लागला. मी लिंबाच्या सावलीत गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. बाबा म्हणाला, "बघ आई, म्हणूनच म्हणत होतो. बॅटरी गेली. मी दुसरी गाडी बोलावतो." आजोबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी मागे वळून म्हटलं, "आपा, तुम्ही तरी उतरून बघा." आपांनी शेंग सोलली. "मी कायकू उतरू? गाडी टीचरची हाय."

मग मीच विचार करू लागले. बॅटरीला वीज अल्टरनेटर देतो. इंजिनात पाणी पंप फिरवतो. दोघं एकाच वेळी कसे बंद पडतील? असं काय आहे, जे नसलं तर दोघंही थांबतात? "बेल्ट!" मी ओरडलेच. दोघांनाही फिरवणारा पट्टा एकच. बॉनेट उघडलं. जिथे बेल्ट असायचा तिथे रबराची एक चिंधी लोंबत होती! जुन्या गाडीत नवा बेल्ट ठेवाच, असा आपांचा दंडक होता, म्हणून तो डिकीत होता. इंजिन निवू दिलं. मी पान्यानं अल्टरनेटरचा बोल्ट सैल केला, बेल्ट चढवला. बाबाला लोखंडी कांबेनं अल्टरनेटर ताणून धरायला लावलं आणि बोल्ट आवळला. अंगठ्यानं बेल्ट दाबून पाहिला. बोटभर झुकला, जास्त नाही. शेळ्या घेऊन थांबलेला एक धनगर म्हणाला, "आजी, लई भारी की!" पाणी पाहिलं, किल्ली फिरवली. दिवा विझला, काटा खाली राहिला. बाबाचे हात काळे झाले होते. ते पुसत तो आजोबांना म्हणाला, "बाबा, त्या माणसाला येऊ नका म्हणून कळवतो." आजोबांनी आपला चष्मा काढून पुसला. आपांनी मागून शेंगांची पुडी पुढे केली. "टीचर, पास. आता चला, लई ऊन हाय."

आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगल्या, आणि त्यांचा एकही रविवार आमच्यामुळे चुकला नाही.

आपा गेल्या त्या दिवशी त्यांच्या दारात गल्ली गाड्यांनी भरली होती. स्टिअरिंगमागून उतरणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. मी आजोबांना घेऊन गेले, गाडी त्या रांगेच्या टोकाला नीट लावली. घरी आल्यावर डिकी उघडून पाहिली. नवा बेल्ट होता जागेवर.

तुम्ही डिसेंबरात याल तेव्हा स्टेशनवर घ्यायला मीच येईन. निघण्याआधी बॉनेट उघडून रोजच्यासारखा बेल्ट अंगठ्यानं दाबीन. तुम्हीही दाबून पाहा. आणि गाडीत बसायच्या आधी उत्तर तयार ठेवा… हा नसला तर काय होईल?