नंदाताईच्या खोलीचं छत

शेजारणीचा फोन आला तेव्हा मी थळला एका घराचं प्लास्टर बघत होतो. "दिनूभाऊ, लवकर या. ताईंच्या खोलीत छत पडलंय." ताई कुठे आहे, म्हणून विचारलं, तर पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं... अलिबागला पोचण्याआधीच मला कळून चुकलं होतं.

नंदाताई माझी मावसबहीण, दवाखान्यात नर्स. लग्न केलं नाही, मावशीला सांभाळलं, सगळी नोकरी भाड्याच्या खोल्यांत काढली. निवृत्ती जवळ आली तेव्हा एका जुन्या इमारतीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर विकायला असल्याचं तिला समजलं. मी इमारत दुरुस्तीची कामं घेतो, म्हणून ती मला दाखवायला घेऊन गेली. भिंतींना ताजा रंग होता. मी हातोडीच्या दांड्यानं छत ठोकून पाहिलं. दोन्ही खोल्यांत बद्द आवाज आला, म्हणजे आतून सुटलेलं. म्हटलं, "ताई, नुसत्या किमतीवर जाऊ नकोस. इथली हवा खारी, आतल्या सळया गंजल्यात. छत, पाइप, वायरिंग, संडासाची गळती... हे सगळं धरून घर केवढ्याला पडतं ते बघ." ती खिडकीशी उभी होती. "आयला एकदा तरी आपल्या घरात न्यायचंय रे," एवढंच म्हणाली.

घर घेतलं आणि महिन्याभरात पाइप फुटले. त्यातच बरेचसे पैसे गेले. उरले त्यांत एकाच खोलीचं छत होणार होतं. कुठली आधी, असं विचारल्यावर तिनं क्षणभरही विचार केला नाही. "आयची. ती दिवसभर छताखाली पडून असते. माझं काय, मी आले-गेले." मी म्हणालो, "तुझी दिवाळीनंतर करू. तोवर काही होत नाही." हे मी म्हणालो... ज्याचा धंदाच हे ओळखण्याचा आहे, तो मी. निदान तिचा पलंग मावशीच्या खोलीत हलवायला हवा होता. दहा मिनिटांचं काम.

त्या दिवशी रात्रपाळी करून ती घरी आली, मावशीला आंघोळ घातली, जेवू घातलं आणि दुपारी नेहमीसारखी चारपर्यंत झोपायला आपल्या खोलीत आडवी झाली. पलंगावरचाच छताचा भाग सुटला.

याला दीड महिना झाला. मावशी त्या घरातून हलायला तयार नाही. नंदा गेली हे तिला सांगितलंय. दोन दिवस रडली, मग सांगितलेलंच विसरली. गेल्या आठवड्यात एका दुपारी मी माणसं घेऊन ताईच्या खोलीचं काम काढलं. छिन्नीचे दोन-चार घाव बसले असतील, तोच पलीकडून मावशीचा आवाज आला, "हलू रं दिनू. नंदा निजलीय."

माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी छिन्नी खाली ठेवली. "व्हय मावशे," म्हटलं, "चार वाजता करतो."

चार वाजेपर्यंत आम्ही जिन्यात बसून राहिलो.